आवडत नाही, तरी हवं असतं : उत्तेजक द्रव्यं आणि मेंदूतला बक्षिसाचा रस्ता

ज्या घरात कुणाला व्यसन आहे, तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते. "तो स्वतःच म्हणतो, आता त्यात पूर्वीसारखी मजा येत नाही. मग घेतो कशाला? आमच्याशी खोटं बोलतो का?" आज आपण याच प्रश्नाकडे मेंदूच्या बाजूने जाणार आहोत. आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. तो बहुतेक वेळा खरं बोलत असतो. मजा कमी झालेली असते आणि ओढ वाढलेली असते. मेंदूत या दोन गोष्टींची यंत्रणा वेगळी आहे, आणि उत्तेजक द्रव्यं दुसरीला थेट हात घालतात.

उत्तेजक म्हणजे कोणती? कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, मेथअ‍ॅम्फेटामिन, आणि मुंबई-पुण्यात 'एमडी' किंवा 'म्याव म्याव' म्हणून माहीत झालेलं मेफेड्रोन. हे मेफेड्रोन आपल्याकडे एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं २०१५ साली. निकोटिनही उत्तेजकच आहे, म्हणजे तंबाखू आणि मिश्री याच घराण्यातल्या. चहा-कॉफीतलं कॅफिन हे लांबचं, सौम्य नातेवाईक. त्याच्याबद्दल शेवटी कुणीतरी विचारेलच, तेव्हा बोलू.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेऊ. व्यसनाबद्दलची आपली मराठी समजूत घडली ती दारूवर आणि गर्दवर. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं, तेव्हा समोर प्रश्न होता ब्राउन शुगरचा. त्यात माल बंद केला की शरीर बोलतं. अंग दुखतं, नाक गळतं, पोटात पिळवटतं. केंद्रातली मुलं त्याला 'टर्की' म्हणतात. ती काही दिवसांत ओसरते आणि घरच्यांना वाटतं, चला, सुटलं. उत्तेजकांमध्ये असं नाट्य नसतं. माणूस दोन-चार दिवस झोपतो, खा-खा खातो, मग उदास, चिडचिडा होऊन बसतो. बघणाऱ्याला वाटतं, याला तर काही त्रासच झाला नाही, म्हणजे व्यसन फार खोल नव्हतं. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि महागात पडतो. का, ते समजण्यासाठी थोडं मागे जायला हवं.

१९५४ साल. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून प्रयोग करत होते. एका उंदराची तार ठरवलेल्या जागी न बसता भलतीकडेच गेली होती. टेबलाच्या ज्या कोपऱ्यात त्याला विजेचा हलका झटका मिळाला, त्या कोपऱ्यात तो पुन्हा पुन्हा परत यायला लागला. मग त्यांनी उंदरांना एक खटका दिला. खटका दाबला की मेंदूत झटका. काही उंदीर तासाला शेकडो वेळा, आणि नंतरच्या प्रयोगांत हजारो वेळा तो दाबत राहिले. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली : मेंदूतलं 'सुखाचं केंद्र' सापडलं.

इथे जरा थांबा. उंदीर खटका दाबतोय, एवढंच आपल्याला दिसतंय. त्याला सुख होतंय, हे कुणी पाहिलं? जो माणूस रात्रभरात शंभर वेळा मोबाइल उघडून बघतो, त्याला शंभर वेळा आनंद होतो का? पण 'सुखाचं केंद्र' हा शब्द चिकटला तो चिकटलाच. आजही रील्समध्ये 'डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन' असं सर्रास सांगतात.

आता हे डोपामिन कुठून आलं? या कथेतला एक धागा आपल्या मातीतला आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या औषधात आहे. मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावर तिच्या उपयोगाबद्दलचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष तिच्याकडे गेलं. काही वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना दिलं. ससे कान पाडून, हालचाल बंद करून बसले. मग त्यांनी एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं, आणि ससे काही वेळातच पुन्हा हिंडाफिरायला लागले. तोवर डोपामिन ही दुसरं रसायन बनवतानाची मधली पायरी आहे, एवढंच मानत. ते स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे कार्लसन यांनी १९५७-५८ च्या सुमारास दाखवलं. २००० सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे.

सशांचं काय झालं होतं ते नीट बघा. डोपामिन गेल्यावर त्यांची हालचालच थांबली. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आपल्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, आणि त्यांत डोपामिन बनवणाऱ्या मोजक्या, काही लाख. मेंदूच्या मध्यभागी, खालच्या बाजूला व्हीटीए नावाचा एक छोटा भाग आहे. तिथून या पेशींचे धागे न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बन्स या भागात जातात, आणि पुढे कपाळामागच्या, निर्णय घेणाऱ्या भागातही. हाच तो 'रिवॉर्ड सर्किट', म्हणजे बक्षिसाचा रस्ता. भूक, तहान, कामेच्छा, सोबत, हे सगळं या रस्त्यानेच जातं.

दोन पेशींच्या मध्ये एक सूक्ष्म फट असते. पहिली पेशी त्या फटीत डोपामिन सोडते, समोरची पेशी ते ओळखते, आणि मग पहिल्या पेशीवरचा एक पंप ते डोपामिन परत आत ओढून घेतो. या पंपाला ट्रान्सपोर्टर म्हणतात. न्हाणीघरातली मोरी डोळ्यांसमोर आणा. नळ सुरू आहे, पाणी मोरीतून निघून जातंय, म्हणून फरशीवर पाणी साचत नाही. कोकेन काय करतं? मोरीच्या तोंडात बोळा कोंबतं. नळ तेवढाच सुरू आहे, पण पाणी वर चढत जातं. अ‍ॅम्फेटामिन याच्याही पुढे जातं. ते पंपातूनच पेशीच्या आत शिरतं, आत पिशव्यांमध्ये साठवलेलं डोपामिन बाहेर काढायला लावतं आणि पंप उलटा फिरवतं. मुंबईत तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मोठ्या पावसात मोरीतून पाणी उलटं वर येतं, तसं. मेफेड्रोनही पंप उलटाच फिरवतं, आणि डोपामिनबरोबर सेरोटोनिनचाही. त्याचा अंमल लवकर उतरतो, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं. त्याचा धोका बराचसा या घाईत आहे.

किती पाणी चढतं? उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन मोजलं, तर चांगलंचुंगलं खाणं मिळाल्यावर ते नेहमीच्या दीडपट होतं, समागमात साधारण दुप्पट. कोकेनने तिप्पट किंवा जास्त, आणि अ‍ॅम्फेटामिनने दहापटीपर्यंत जातं. आकडे मात्रेनुसार बदलतात, पण अंदाज येतो. शिवाय नैसर्गिक गोष्टींना 'आता पुरे' असतं. पोट भरतं. मोरीत बोळा असेल तर 'पुरे' सांगणारं कुणी नसतं.

पण हे पाणी वाढल्याने नेमकं होतं काय? आनंद होतो म्हणावं, तर कोडं सुटत नाही. इथे दोन संशोधनं महत्त्वाची आहेत, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा यांतच आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पहिलं वुल्फ्राम शुल्ट्झ यांचं, माकडांवरचं. माकडाला मधूनच फळांच्या रसाचा थेंब मिळायचा. अनपेक्षित रस मिळाला की डोपामिनच्या पेशी तडतड उडायच्या. मग रसाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिवा लागताच उडायला लागल्या, आणि रस आला तेव्हा गप्प. रस तोच होता, माकडाला तो आवडतही होता, पण पेशींना आता त्यात बातमी राहिली नव्हती. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या वेळी पेशींचं नेहमीचं बारीक तडतडणंही खाली गेलं. म्हणजे या पेशी मोजत होत्या ती अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत. 'वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं निघालं, हे लक्षात ठेव', असा तो निरोप आहे. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी हे एका गणिती सिद्धांताशी जोडून मांडलं.

आता या यंत्रणेत कोकेन घाला. मेसमध्ये सोमवारी शिरा मिळाला, तर पहिल्या सोमवारी नवल. चौथ्या सोमवारी अपेक्षितच, नवल शून्य. डोपामिन शांत. कोकेन मात्र मेंदूची परवानगी घेत नाही. ते दर वेळी रासायनिक जोरावर डोपामिन चढवतंच, आणि मेंदूला दर वेळी तोच निरोप जातो : वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं, लक्षात ठेव. शिकण्याची क्रिया थांबायला हवी तिथे थांबत नाही. हे एक गणिती प्रारूप आहे, आणि प्राण्यांवरचे सगळे प्रयोग त्याच्याशी तंतोतंत जुळतात असं नाही. पण दिशा पटण्यासारखी आहे. ती गल्ली, तो मित्र, फोनची ती रिंगटोन, चुरगळलेली फॉइल, सगळ्यांना 'इथे काहीतरी मोठं आहे' असा शिक्का बसत जातो.

दुसरं संशोधन मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांचं. उंदराच्या जिभेवर साखरेचं पाणी घातलं तर तो ओठ चाटतो, कडू घातलं तर तोंड वेंगाडतो. माणसाचं तान्हं बाळही असंच करतं. बेरिज यांनी ज्यांचं डोपामिन जवळजवळ पूर्ण नष्ट झालंय असे उंदीर घेतले. हे उंदीर समोर ठेवलेलं अन्नही स्वतःहून खात नाहीत, उपाशी मरतील. सशांची आठवण ठेवा. पण जिभेवर साखर घातली, तर ते आधीसारखेच ओठ चाटत होते. आवडणं जागच्या जागी होतं. नाहीसं झालं होतं ते 'हवं' वाटणं.

मराठीला हा फरक आधीपासून माहीत आहे, असं आम्हांला नेहमी वाटतं. आपण 'तंबाखूची आवड आली' असं म्हणत नाही. 'तलफ आली' म्हणतो. तलफ म्हणजे बरोब्बर हेच. तिचा चवीशी संबंध असेल किंवा नसेल, पण ती पायांना चालायला लावते. १९९३ साली टेरी रॉबिन्सन आणि बेरिज यांनी मांडलं की वारंवार घेतलेल्या द्रव्यांमुळे ही तलफेची यंत्रणा हळूहळू अधिक तिखट होत जाते, मजा मात्र सवयीने बोथट होते. दोन रेषा एकमेकींपासून लांब जात राहतात. सुरुवातीला ज्या माणसाचं बोलणं आपल्याला खोटं वाटलं, तो या दोन रेषांच्या मधल्या जागेत उभा असतो.

याला माणसांमधला एक पुरावा बाहेरून मिळतो. पार्किन्सनच्या काही रुग्णांना डोपामिनसारखं काम करणारी औषधं देतात, आणि त्यांतल्या काहींना अचानक जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते. आयुष्यात कधी पत्त्यांना हात न लावलेली माणसं. त्यांना त्यातून फार सुख मिळतं असं ती सांगत नाहीत. औषध कमी केलं किंवा बदललं की ओढ बहुधा ओसरते. घरात असा रुग्ण असेल आणि असं काही दिसलं, तर लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. औषध मनाने मात्र बंद करू नका.

आणखी एक गोष्ट : वेग. नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत माणसांच्या मेंदूची चित्रं घेतली. मेथिलफेनिडेट हे औषध कोकेनसारखंच त्या पंपावर बसतं. शिरेतून दिलं तर काही मिनिटांत मेंदूत पोचतं आणि लोक 'चढली' म्हणतात. गोळी घेतली तर शिखराला जायला तासभर लागतो, पंप तेवढेच अडतात, पण चढत नाही. म्हणजे पाणी किती चढलं याच्याइतकंच ते किती झपाट्याने चढलं हे महत्त्वाचं. ओढलेल्या सिगरेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, ही सिगरेटची खरी 'कला'.

आता सोडल्यानंतर काय होतं, याकडे येऊ. कोकेन घेणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिन ओळखणारे डी-२ ग्राहक कमी दिसतात, आणि सोडून तीन-चार महिने झाले तरी ते कमीच असतात. जेवण, गाणं, मुलाचं हसू, सगळं फिकं वाटतं ते यामुळे असावं. व्होल्को यांनीच २००१ साली मेथ सोडलेल्यांचा अभ्यास केला. बारा ते सतरा महिन्यांनी पंपांची संख्या बरीच सुधारली होती. तो अभ्यास फक्त पाच जणांचा होता, आणि स्मरणशक्ती, हालचाल यांच्या चाचण्यांत तेवढी सुधारणा दिसली नाही. तरी मेंदू भरून येऊ शकतो, हे त्यातून दिसलं.

तलफेची गोष्ट मात्र विचित्र आहे. २००१ सालीच जेफ्री ग्रिम, यावीन शहाम आणि सहकाऱ्यांनी कोकेनची सवय लागलेल्या उंदरांचं कोकेन बंद केलं आणि वेगवेगळ्या दिवशी त्यांना जुन्या खटक्यासमोर, जुन्या खुणेसमोर नेलं. कोकेन मिळत नव्हतं, फक्त खूण होती. पहिल्या दिवशी उंदरांनी खटका जेवढा दाबला, त्याहून कितीतरी जास्त दोन महिन्यांनी दाबला. वेळ जाईल तशी तलफ मुरत गेली, लोणच्यासारखी. माणसांतही २०१६ साली असंच काहीसं दिसलं. कोकेन सोडलेल्यांना विचारलं तर ते सांगत, ओढ कमी होत चाललीय. पण कोकेनची चित्रं दाखवून मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या, तर तो प्रतिसाद सोडल्याच्या दोन दिवसांनंतर होता त्याहून एक ते सहा महिन्यांनी जास्त होता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं. फिलाडेल्फियात अ‍ॅना रोज चाइल्ड्रेस यांनी तर अशी चित्रं फक्त ३३ मिलिसेकंद दाखवली, म्हणजे काय दिसलं हे जाणवायच्या आत गेलीसुद्धा, तरी मेंदूचा हा रस्ता जागा झाला.

उपचार काय? गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन आहेत. कोकेन-मेथच्या व्यसनासाठी तसं सर्वमान्य औषध आज नाही. सगळ्यात चांगला पुरावा आहे तो एका साध्या, काहींना अपमानास्पद वाटणाऱ्या उपायाचा. अमेरिकेतल्या व्हर्माँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या दशकात रुग्णांना सांगितलं : लघवीची तपासणी स्वच्छ आली की कूपन. पुढची स्वच्छ आली की मोठं कूपन. एकदा चुकलं की पुन्हा पहिल्या पायरीवर. आपल्याकडे हे सांगितलं की लोक म्हणतात, ही तर लाच झाली. आमचं मत वेगळं आहे. ज्या रस्त्यावर लांबचं, मोठं बक्षीस दिसेनासं झालंय, तिथे जवळचं, लहान, खात्रीचं बक्षीस ठेवणं हा त्या रस्त्याच्या भाषेत बोलण्याचा प्रकार आहे.

आणि २०१८ सालचा मार्को व्हेनिरो, शहाम आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. उंदरांना दोन खटके दिले. एकाने मेथ, दुसऱ्याने दार उघडून दुसऱ्या उंदराची सोबत. मेथची चटक लागलेल्या उंदरांनीही जवळजवळ नेहमी सोबत निवडली. पण सोबत मिळायला उशीर केला, किंवा तिच्याबरोबर शिक्षा जोडली, तर ते पुन्हा मेथकडे वळायला लागले.

प्रश्नोत्तरं

एका बाईंनी विचारलंय, माझ्या मुलाला एडीएचडीसाठी मेथिलफेनिडेट सुरू आहे, तुम्ही तर ते कोकेनसारखं म्हणालात. पंप तोच, वेग वेगळा. डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत, तोंडाने घेतलेली गोळी हळूहळू चढते. या उपचारामुळे पुढे व्यसनाचा धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गोळ्या मोजून, तुमच्या ताब्यात ठेवा, कारण कॉलेजात त्या इतर मुलं मागतात. औषध आजचं व्याख्यान ऐकून बंद करू नका.

चहा. आलाच. कॅफिन त्या पंपाला हात लावत नाही. दिवसभरात मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि झोप आणतं, कॅफिन त्याची जागा अडवतं. तलफ आहे, डोकंही दुखतं, पण चहासाठी कुणी घरातलं मंगळसूत्र गहाण टाकलेलं नाही.

'डोपामिन डिटॉक्स' करावा का? फोन आठवडाभर बाजूला ठेवायचा असेल तर जरूर ठेवा. त्याला डोपामिनचा उपास म्हणू नका. डोपामिनचा उपास केलेले ससे आपण पाहिले.

उपचाराला गेलो तर पोलीस पकडतील का, अशी एक चिठ्ठी आहे. एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतःच्या सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असेल आणि व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जातं. वकिलाशी बोला. केंद्राची माहिती हवी असेल तर १४४४६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

शेवटचा प्रश्न. मुलगा एमडीसाठी तीन महिने केंद्रात होता, पुढच्या आठवड्यात घरी येतोय, काय काळजी घ्यायची? तीन महिने झाले म्हणजे अवघड भाग मागे पडला, असं धरून चालू नका. 'आता इच्छाच होत नाही' असं तो मनापासून सांगेल, त्यावर वादही घालू नका आणि विसंबूही नका. सिम कार्ड बदला, जुना फोन घरी आणूच नका, त्यात नुसते नंबर नाहीत, खुणा आहेत. पहिले काही महिने हातात रोख पैसे कमी, आणि हे त्याच्याशी ठरवून, पाळतीसारखं नको. केंद्रातला फॉलो-अप चुकवू नका. आणि पूर्वी तो रोज कितीला बाहेर पडायचा, ती वेळ आठवा. संध्याकाळी सात असेल, तर साताला त्याच्याबरोबर कुणीतरी हवं. भाऊ, मामा, जुना शाळेतला मित्र, कुणीही. दुसऱ्या रस्त्याने.